जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट: पहिल्यांदाच बसवणाऱ्यांसाठी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा थांबवला आणि घरोघरच्या चालत्या लॅपटॉपांचं काय करायचं हा प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा असावा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेले बहुतेक लॅपटॉप बाद. प्रत्यक्षात त्यांचा कीबोर्ड धड असतो, स्क्रीन धड असते, आणि पत्र लिहायला, पीडीएफ वाचायला, मुलांच्या अभ्यासाला, यूट्यूब बघायला ते आजही पुरेसे असतात. अशी यंत्रं भंगारात जाऊ नयेत, त्यांच्यावर विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवावी असं मला मनापासून वाटतं.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम जन्माला आली आणि १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सने त्याच धर्तीवर लिनक्स लिहायला घेतलं. आज लिनक्सचे शेकडो अवतार आहेत आणि नवखा माणूस निम्मा वेळ त्यांतून निवड करण्यातच घालवतो. म्हणून इथे एकच वाट सांगतो: लिनक्स मिंट, आणि त्यातली एक्सएफसीई आवृत्ती. मिंट २००६ पासून चालू आहे. बहुतेक सगळं माउसने होतं आणि मांडणी विंडोजसारखीच असते: खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेन्यू. त्याच्या सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई अशा तीन आवृत्त्यांपैकी एक्सएफसीई सगळ्यांत हलकी. सध्याची २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या लिनक्स अवताराच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत.

मिंट बसवण्याचं काम स्वतः अर्ध्या तासाचं आहे. खरं लक्ष त्याच्या आधीच्या तयारीकडे आणि नंतरच्या पहिल्या संध्याकाळकडे द्यायचं असतं, म्हणून लेखही तसाच लिहिला आहे.

कोणी या वाटेला जाऊ नये

ज्यांचं पोट टॅली, ऑटोकॅड किंवा फोटोशॉपवर चालतं त्यांनी आपल्या कामाच्या लॅपटॉपवर हे करू नये. ही सॉफ्टवेअर लिनक्ससाठी निघत नाहीत, आणि ओढूनताणून चालवण्याच्या युक्त्या रोजच्या धंद्याच्या कामाला भरवशाच्या नसतात. डिजिटल सहीचं टोकन लावून निविदा भरणाऱ्यांनीही एक विंडोज यंत्र हाताशी ठेवावं. श्रीलिपी किंवा आयएसएम या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर जुळवणाऱ्यांना तेच सांगेन.

बाकीच्यांचं, म्हणजे ब्राउझर, मेल, कागदपत्रं, गाणी, सिनेमे, व्हिडिओ कॉल, व्हॉट्सॲप वेब एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांचं, काहीच अडत नाही.

यंत्र आधी तपासा

विंडोज चालू असतानाच सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडा. तिथे प्रोसेसर, रॅम आणि प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, हे तिन्ही एका पानावर दिसतं. मिंट २२ फक्त ६४ बिटवर चालतं. इंटेलच्या कोअर टू ड्युओ प्रोसेसरपासून पुढचे लॅपटॉप या अटीत बसतात. अगदी सुरुवातीचे ॲटमवाले छोटे नेटबुक मात्र ३२ बिटचे असू शकतात, आणि त्यांच्यासाठी हा लेख नाही.

रॅम किमान २ जीबी लागते, सुखाने काम करायला ४ जीबी. २ जीबीवर मिंट उठतं, पण ब्राउझरमध्ये चार टॅब उघडले की यंत्र धापा टाकतं. आजच्या वेबसाइट जड आहेत, आणि त्यावर कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम उपाय करू शकत नाही. म्हणून ४ जीबीखाली असाल तर रॅम वाढवा. घेताना एक बघा: तिसऱ्या पिढीपर्यंतच्या लॅपटॉपांत साधारणपणे १.५ व्होल्टची डीडीआर३ असते, चौथ्या पिढीपासून १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते. दिसायला दोन्ही सारख्याच. जुनी पट्टी काढून दुकानात सोबत न्या, म्हणजे चूक होत नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला जुन्या पट्ट्याही मिळतात, आणि या कामाला जुनी पट्टी चालते.

पण पैसे एकाच गोष्टीवर खर्च करायचे असतील तर ते एसएसडीवर, म्हणजे फिरता भाग नसलेल्या डिस्कवर करा. जुना लॅपटॉप हळू चालतो त्याचं सगळ्यांत मोठं कारण बहुतेक वेळा त्यातली फिरती हार्ड डिस्क असते. तिच्यातला वाचणारा हात जागा शोधत फिरतो आणि तेवढा वेळ प्रोसेसर नुसता बसून राहतो. अडीच इंची, साटा जोडणीची एसएसडी अशा जवळजवळ प्रत्येक लॅपटॉपमध्ये बसते. मागचं झाकण आणि दोन-चार स्क्रू एवढंच काम. २४० किंवा २५६ जीबी पुष्कळ झाली. हा बदल केला की बूट व्हायला, म्हणजे यंत्र चालू व्हायला, लागणारी मिनिटं सेकंदांवर येतात.

एसएसडीचा दुसरा फायदा मला वेगापेक्षाही मोठा वाटतो. नवी डिस्क घातली की जुनी हार्ड डिस्क जशीच्या तशी बाहेर येते. विंडोज, फोटो, पासवर्ड, विसरलेल्या फोल्डरमधली विसरलेली फाइल, सगळं तिच्यात शाबूत राहतं. तिला साध्या यूएसबी केसिंगमध्ये घातलं की ती बाहेरची डिस्क म्हणून वापरता येते. मिंट नाही आवडलं तर जुनी डिस्क परत लावा, लॅपटॉप होता तसा. पहिल्यांदाच करणाऱ्याच्या मनातली निम्मी भीती याने जाते.

बॅटरीकडेही एक नजर टाका. टचपॅड वर उचललेला वाटत असेल किंवा मागचं झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगली आहे. ती आधी काढा. टोचू नका, दाबू नका. अनेक जुने लॅपटॉप बॅटरीशिवाय थेट चार्जरवर चालतात, पण मग मिंट बसवताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा.

बॅकअप

जुनी डिस्क बाजूला काढून ठेवणार असाल तरी महत्त्वाच्या फाइल वेगळ्या कॉपी कराच, कारण दहा वर्षं फिरलेली डिस्क कधीही दगा देऊ शकते. आणि त्याच डिस्कवर मिंट टाकणार असाल तर या पायरीला पूर्ण दिवस द्या.

डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डेस्कटॉप आणि डाउनलोड्स ही चार फोल्डर सगळ्यांना आठवतात. आपल्याकडे खूप जण फाइल डी ड्राइव्हवर ठेवतात, तीही घ्या: डी हा त्याच डिस्कचा एक भाग असतो, आणि पूर्ण डिस्क पुसली की सी बरोबर तोही जातो. ब्राउझरमधले बुकमार्क आणि साठवलेले पासवर्ड एक्स्पोर्ट करून ठेवा. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी त्याची पीएसटी फाइल शोधून काढा.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधले शिवाजी, कृतिदेव, डीव्हीबी-टीटीसुरेख, श्रीलिपीचे जे काही फॉन्ट असतील ते कॉपी करून ठेवा. युनिकोडच्या आधी टाइप केलेली पत्रं, लग्नपत्रिका, संस्थेचे ठराव या फॉन्टांशिवाय उघडले तर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मिंटमध्ये अशा फॉन्टवर डबल क्लिक करून तो बसवता येतो, आणि लिब्रेऑफिसमध्ये (मिंटमधलं वर्डसारखं सॉफ्टवेअर) जुना मजकूर पुन्हा वाचता येतो.

कॉपी झाल्यावर ती पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि चार-दोन फाइल प्रत्यक्ष उघडून बघा. न उघडलेल्या बॅकअपवर भरवसा ठेवू नका. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं साधन, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून ठेवा, नाहीतर काढून ठेवलेली डिस्क नंतर उघडणार नाही.

पेनड्राइव्ह बनवणे

लिनक्स मिंटच्या अधिकृत साइटवर जा, डाउनलोडमध्ये एक्सएफसीई आवृत्ती निवडा आणि यादीतून भारतातला किंवा जवळचा एखादा मिरर, म्हणजे तीच फाइल ठेवणारा सर्व्हर, घ्या. फाइल तीन जीबीच्या आतबाहेर असते आणि तिचं शेपूट आयएसओ असं असतं. दुसऱ्या कुठल्या साइटवरून, कुणाच्या टेलिग्राम चॅनेलवरून ती घेऊ नका.

उतरलेली फाइल तशीच सोडू नका, ताडून बघा. डाउनलोडच्या पानावर एसएचए-२५६ नावाची एक लांबलचक आकडे-अक्षरांची ओळ दिलेली असते. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून सीआरसी एसएचए या मेन्यूतून तीच ओळ तुमच्या फाइलची काढता येते. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. अर्धवट उतरलेल्या फाइलमुळे पुढे जे विचित्र एरर येतात त्यांचा शोध घेण्यात लोकांचे तासन्‌तास जातात, आणि ही तपासणी एका मिनिटाची आहे.

आता ८ जीबीची एक पेनड्राइव्ह घ्या. तिच्यावरचं सगळं पुसलं जाणार आहे. आयएसओ फाइल नुसती कॉपी-पेस्ट करून चालत नाही. ती रूफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रामने लिहावी लागते. रूफसमध्ये पेनड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, विभागणीचा प्रकार एमबीआर ठेवा, म्हणजे जुन्या बायोसवरही (लॅपटॉप चालू होताना सगळ्यांत आधी चालणारा मूळ प्रोग्राम) आणि त्याच्या नंतरच्या यूईएफआयवरही ती उठते. बाकी काही बदलू नका. स्टार्ट दाबा.

पेनड्राइव्हवरून बूट करणे

लॅपटॉप पूर्ण बंद करा. विंडोज ८ आणि १० मध्ये शटडाउन हे बऱ्याचदा अर्धवट झोपणं असतं, म्हणून शिफ्ट दाबून धरून शटडाउन करा. पेनड्राइव्ह लावा, पॉवर दाबा आणि लगेच बूट मेन्यूचं बटण टकटक दाबत राहा. डेल, लेनोवो आणि एसरमध्ये बहुधा एफ१२, एचपीमध्ये एस्केप आणि मग एफ९, असूसमध्ये एस्केप किंवा एफ८. काही लेनोवोंना बाजूला टाचणीने दाबायचं एक बारीक नोव्हो बटण असतं. एसरच्या बऱ्याच मॉडेलमध्ये एफ१२ चा मेन्यू बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावा लागतो.

यादीत पेनड्राइव्ह दोनदा दिसू शकते, एकदा नुसती आणि एकदा यूईएफआय या शब्दासह. लॅपटॉप विंडोज ८ किंवा १० सह आला असेल तर यूईएफआयवाली निवडा, विंडोज ७ च्या काळातला असेल तर साधी. पेनड्राइव्ह दिसतच नसेल तर निळ्या पोर्टमधून काढून काळ्या पोर्टात लावून बघा. काही जुन्या बायोसना यूएसबी ३ वरून उठता येत नाही.

बायोसमध्ये शिरलाच आहात तर तारीख बघून घ्या. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लॅपटॉपमधला मदरबोर्डवरचा छोटा सेल संपलेला असतो आणि घड्याळ मागे कुठेतरी, २००९ च्या १ जानेवारीला वगैरे, जाऊन बसतं. मग फायरफॉक्स प्रत्येक सुरक्षित साइट उघडायला नकार देतो, कारण त्याच्या हिशोबाने त्या साइटची प्रमाणपत्रं अजून जन्मालाच आलेली नसतात. माणूस बिचारा वायफायला दोष देत बसतो. तारीख दुरुस्त करा आणि जमलं तर सेलही बदला. तो बहुधा सीआर२०३२, घड्याळजीकडेही मिळतो. काही लॅपटॉपांत मात्र त्याला वायर आणि छोटा सॉकेट जोडलेला असतो, तेव्हा तसाच मागा.

बसवण्याआधी वापरून बघा

मिंटची मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट ही. पेनड्राइव्हवरून उठल्यावर पूर्ण डेस्कटॉप समोर येतो, आणि तुमच्या डिस्कला अजून हातही लागलेला नसतो. याला लाइव्ह सेशन म्हणतात. इथे पंधरा-वीस मिनिटं घालवा.

उठताना स्क्रीन काळीच राहिली तर पुन्हा सुरू करून मेन्यूतला कंपॅटिबिलिटी मोड निवडा. जुन्या एनव्हिडिया ग्राफिक्स कार्डवाल्यांना याची गरज पडते.

डेस्कटॉप आला की वायफाय जोडा. एक यूट्यूब व्हिडिओ लावा, आवाज येतो का ऐका, हेडफोन लावून ऐका. उजेड कमी-जास्त करायची बटणं दाबा. कॅमेरा बघा. झाकण मिटून परत उघडा, यंत्र जागं होतं का बघा. पेनड्राइव्हवरून चालत असल्याने सगळं थोडं हळू वाटेल. बसवल्यावर तसं राहत नाही, त्यामुळे वेगावरून आत्ताच मत बनवू नका. वायफायची यादीच दिसत नसेल तर बहुधा आत ब्रॉडकॉमची चिप आहे. त्यावर उपाय आहे, पुढे सांगतो.

मग मेन्यूतून डिस्क्स नावाचा प्रोग्राम उघडा, लॅपटॉपची डिस्क निवडा, वरच्या कोपऱ्यातल्या मेन्यूत स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची माहिती, असं मिळेल. रिअलोकेटेड सेक्टर (डिस्कवरच्या खराब झालेल्या जागा) या ओळीसमोर शून्य असेल तर छान. आकडा मोठा असेल, किंवा वर डिस्क निकामी होत असल्याची सूचना असेल, तर त्या डिस्कवर काहीही बसवू नका. आधी डिस्क बदला.

आता बसवूया

चार्जर लावा. डेस्कटॉपवर इन्स्टॉल लिनक्स मिंट असं चिन्ह आहे, त्यावर डबल क्लिक.

पहिला प्रश्न भाषेचा. यादीत मराठी आहे आणि बघून आनंद होतो. तरीही पहिल्यांदा इंग्रजी ठेवा असंच मी सुचवेन. भाषांतर सगळीकडे पूर्ण नाही, आणि काही अडलं तर शोधताना इंग्रजी संदेश जसाच्या तसा टाकता येतो. डेस्कटॉप मराठीत करणं नंतर लँग्वेजेसमधून सहज होतं. कीबोर्डसाठी इंग्लिश यूएस निवडा. मल्टिमीडिया कोडेक्सच्या चौकटीत खूण करा, म्हणजे गाणी-व्हिडिओ पहिल्या दिवसापासून चालतील.

यानंतरच्या पडद्यावर, म्हणजे इन्स्टॉलेशन टाइपवर, हात थांबवा. संपूर्ण प्रक्रियेत परत न फिरवता येणारी जागा ही एकच आहे.

नवी एसएसडी घातली असेल किंवा विंडोज कायमचं काढायचं असेल तर इरेज डिस्क अँड इन्स्टॉल लिनक्स मिंट. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर अलाँगसाइड हा पर्याय दिसतो. समथिंग एल्स हा पर्याय विभागणी हाताने करणाऱ्यांसाठी आहे, पहिल्या खेपेला तिकडे जाऊ नका.

जुन्या लॅपटॉपवर दोन्ही सिस्टीम ठेवण्याच्या बाजूने मी नाही. जागा आधीच कमी असते, आणि सवयीने माणूस विंडोजच उघडत राहतो. तरी ठेवायचंच असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप बंद करा आणि डिस्क मॅनेजमेंटमधून सी ड्राइव्ह आकसून किमान ४० जीबी जागा मोकळी करून घ्या. विंडोजचा भाग विंडोजनेच आकसवलेला बरा.

इरेज निवडल्यावर एकाहून जास्त डिस्क जोडलेल्या असतील तर कोणती, ते विचारलं जातं. नावं एसडीए, एसडीबी अशी असतात आणि त्यांवरून काही कळत नाही. आकडा वाचा. २४० जीबीची एसएसडी आणि १ टीबीची बाहेरची डिस्क यांत गफलत होणार नाही, पण दोन्ही सारख्याच मापाच्या असतील तर बाहेरची आधी काढून टाका. खरं तर बॅकअपची डिस्क या वेळी लॅपटॉपला लावलेलीच नसावी. इन्स्टॉल नाउ दाबलं की काय काय पुसलं जाणार याची यादी येते. ती वाचा. मग कंटिन्यू.

यादीत तुमची डिस्कच नसेल तर बायोसमध्ये साटाचा मोड रेड किंवा आरएसटीवर असेल, तो एएचसीआय करा. मात्र विंडोज ठेवायचं असेल तर तो अचानक बदलू नका, विंडोज उठायचं थांबतं.

पुढचं सोपं आहे. वेळेसाठी नकाशावर कोलकाता. नाव, लॅपटॉपचं नाव, पासवर्ड. पासवर्ड रोज लागणार आहे, सॉफ्टवेअर बसवतानाही, तेव्हा लक्षात राहील असाच ठेवा आणि घरातल्या वहीत लिहून ठेवा. एन्क्रिप्शनचा पर्यायही दिसेल. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री लॅपटॉपांत एन्क्रिप्शनचं गणित झटपट करणाऱ्या एईएस-एनआय या सूचना नाहीत, त्यामुळे तिथे त्याचा भार जाणवतो. लॅपटॉप घराबाहेर जाणार नसेल तर राहू द्या. सोबत घेऊन फिरणार असाल तर थोडा वेग सोडून ते चालू करणं शहाणपणाचं.

एसएसडीवर दहा-पंधरा मिनिटं, फिरत्या डिस्कवर जास्त. संपल्यावर रीस्टार्ट, सांगितलं की पेनड्राइव्ह काढा आणि एंटर.

मिंटऐवजी बूट डिव्हाइस सापडत नाही असा संदेश आला तर घाबरू नका. बायोसमध्ये बूटचा क्रम बघा. तो ठीक असेल तर परत पेनड्राइव्हवरून उठून मेन्यूतलं बूट रिपेअर चालवा, त्याचा शिफारस केलेला पर्याय बहुतेक वेळा काम करतो.

पहिली संध्याकाळ

स्वागताची खिडकी आपोआप उघडते. तिच्यातल्या फर्स्ट स्टेप्समधून तीन गोष्टी आजच करा.

पहिली टाइमशिफ्ट. सिस्टीमची आजची स्थिती तो जपून ठेवतो. उद्या एखाद्या अपडेटने बिघाड झाला तर मागे जाता येतं. आठवड्याला एक आणि एकूण दोन-तीन प्रती ठेवा, नाहीतर छोटी एसएसडी त्यांनीच भरते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र त्यात नसतात. त्यांचा बॅकअप वेगळा.

दुसरी अपडेट मॅनेजर. तो जवळचा मिरर निवडायचं सुचवेल, निवडा. पहिला अपडेट मोठा असतो, काही शे एमबी सहज. मोबाइलच्या डेटावर असाल तर त्या हिशोबाने करा.

तिसरी ड्रायव्हर मॅनेजर. वर म्हटलेली ब्रॉडकॉमची वायफाय चिप इथे दिसते. इंटरनेटच नाही तर ड्रायव्हर (ती चिप चालवणारं सॉफ्टवेअर) आणायचा कुठून? मोबाइल यूएसबी केबलने जोडा आणि यूएसबी टेदरिंग चालू करा. लॅपटॉपला ते केबलचं नेट वाटतं आणि ड्रायव्हर उतरतो. रीस्टार्ट केलं की वायफाय चालू.

मराठी टायपिंग

अक्षरं वाचता येतात, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. लिहिण्यासाठी सेटिंग्जमध्ये कीबोर्ड उघडा आणि लेआउट या भागात जा. यूज सिस्टीम डिफॉल्ट्स बंद करा, ॲड दाबा, इंडियन या नावाखाली मराठीचे दोन लेआउट सापडतील: एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट आणि उच्चाराप्रमाणे लिहिण्याचा कगप फोनेटिक. खाली लेआउट बदलण्याची बटणं विचारतात, तिथे आल्ट आणि शिफ्ट निवडा. पट्टीवर कीबोर्ड लेआउट्स हा छोटा प्लगइन टाकला की आत्ता कोणती भाषा चालू आहे तेही दिसतं.

माझं मत इनस्क्रिप्टच्या बाजूने आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि एकदा बोटांत बसलं की मोबाइल सोडून कुठल्याही कॉम्प्युटरवर तेच. मराठी हा शब्द बघा: सी म्हणजे म, जे म्हणजे र, ई म्हणजे काना, शिफ्ट आणि अवतरणचिन्हाचं बटण म्हणजे ठ, आर म्हणजे दुसरी वेलांटी. हलन्त डीवर आहे. ळ शिफ्ट-एनवर. आणि वाऱ्यावर, दऱ्याखोऱ्या यांतला तो ऱ्य, जो फोनेटिक साधनांत लोकांना सापडत नाही, तो इथे शिफ्ट-जे, मग डी, मग य चं तिरप्या रेघेचं बटण. सुरुवातीला वेग पडतो. रोज अर्धा तास दिला तर पंधरवड्यात हात बसायला लागतो.

ज्यांना विंडोजवर गमभनच्या, म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवण्याच्या, पद्धतीने लिहायची सवय आहे त्यांच्यासाठी मेन्यूतल्या इनपुट मेथडमधून आयबस हे टायपिंगचं साधन बसवा, सिनॅप्टिक या सॉफ्टवेअर बसवणाऱ्या प्रोग्राममधून आयबस-एम१७एन हे पॅकेज घ्या, लॉग आउट करून परत या आणि आयबसच्या यादीत मराठीखाली गमभन जोडा.

रोजच्या वापरातलं थोडं

वर्डच्या फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडतात. साधी पत्रं, अर्ज, बिलं व्यवस्थित दिसतात. खूप तक्ते आणि चौकटी असलेल्या फाइलची मांडणी हलू शकते. दुसऱ्याला पाठवताना पीडीएफ करून पाठवा.

४ जीबी रॅमवर ब्राउझरला लगाम घालावा लागतो. फायरफॉक्समध्ये यूब्लॉक ओरिजिन टाका: जाहिराती गेल्या की जुन्या प्रोसेसरवरचं बरंच ओझं जातं. सेटिंग्जमधल्या सेशन अँड स्टार्टअपमध्ये न लागणाऱ्या गोष्टी बंद करा. ब्लूटूथ वापरत नसाल तर तेही.

प्रिंटरचं आधीच विचारून घ्या. एचपीचे बहुतेक प्रिंटर जोडताच ओळखले जातात, लेझरजेट १०२० सारख्यांना एचपीचा एक जादा प्लगइन उतरवावा लागतो. दुकानांत आणि कार्यालयांत सगळीकडे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० मात्र कॅप्ट नावाच्या वेगळ्याच ड्रायव्हरवर चालतो, आणि तो लिनक्सवर बसवणं नवख्याचं काम नाही. घरात तो असेल तर छपाईपुरतं दुसरं यंत्र ठेवा, किंवा लाइव्ह सेशनमध्येच प्रिंटर जोडून काय होतं ते बघा.

अँटिव्हायरस लागत नाही. सॉफ्टवेअर हवं असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. साइटवरून फाइल उतरवून डबल क्लिक करायची विंडोजची सवय इथे सोडा. ढालीच्या चिन्हावर ठिपका दिसला की अपडेट करा, आठवड्यातून एकदा पुरे. २२ मालिकेतली पुढची आवृत्ती आली की अपडेट मॅनेजरच्या एडिट मेन्यूत तिचं नाव दिसायला लागतं, तिथूनच वर जाता येतं. त्यासाठी पुन्हा पेनड्राइव्ह लागत नाही, पण आत्ता बनवलेली पुसू नका: चिठ्ठी चिकटवून खणात ठेवा, बूट रिपेअरला तीच लागेल.